बांधाच्या मागचं पाणी

त्या रविवारी आभाळात ढगाचा एक पुंजका नव्हता आणि ओढा चढत होता.

मरगन ओढ्याकाठच्या माणसांना याची सवय नव्हती. पाणी यायचं तर आधी वर डोंगरात आठवडाभर कोसळावं, रेडिओवाल्याचा घसा बसावा, मुंग्यांनी कुंपणाच्या खांबांवर बिऱ्हाड हलवावं, मग शेजाऱ्यांनी एकमेकांना फोन करून घाबरवावं, असा रीतसर क्रम होता. हे पाणी सगळे मानपान टाळून आलं होतं. धरणाची दारं मुद्दाम उघडून ते सोडलं होतं. नदीकाठच्या पाणथळी भिजाव्यात, काठावरच्या लाल गमच्या, म्हणजे निलगिरीच्या जातीतल्या, झाडांना पूर्वीसारखं पाणी मिळावं, बगळ्यांनी घरटी करावीत, म्हणून. डेस किल्डफ त्याला ‘पक्ष्यांचं पाणी’ म्हणे, आणि म्हणताना तोंड असं करी की जणू पक्ष्यांनी ते त्याच्याच टाकीतून चोरून नेलंय.

या पाण्याच्या वाटेत जे जे आडवं येत होतं ते काढायचा नदी खात्याचा बेत होता. ठेंगणे पूल, रस्त्यांखालच्या अरुंद मोऱ्या, आणि जागोजागी कुणाकुणाच्या आजोबांनी घालून ठेवलेले बांध. किल्डफांच्या वाट्याला यातला मॅटचा बांध आला. मॅट हा डेसचा आजा. पन्नासच्या दशकातल्या पुरांनंतर त्याने ओढा आणि पाणथळ यांच्या मधोमध मातीची भिंत उभी केली, पाणथळ आटवली आणि तिच्या तळात गहू पेरला. त्या शेताला घरात अजून ‘तळं’ म्हणतात. सगळ्या जमिनीत कसदार तेच. बांध फोडू दिला तर खातं मोबदला देणार होतं, पण एकदा फोडलेला बांध पुन्हा घालता येणार नव्हता. डेसचा बाप लिओ जाऊन दोन वर्षं झाली होती. जमीन आता त्याची बायको नोरीन, मुलगा डेस आणि मुलगी बर्नडेट यांच्या नावावर. होकार तिघांचा हवा होता. सोमवारी सकाळी खात्याची थुई नावाची बाई उत्तर घ्यायला येणार होती, म्हणून रविवारी जेवण.

जेवण डेसच्या घरी, म्हणजे त्याच्या बायकोच्या, रॉबिनच्या स्वयंपाकघरात. मेंढीची तंगडी, भाजलेला भोपळा, बटाटे, पुदिन्याची चटणी. कुणाचं मत कुठल्या रकान्यात, हे ओव्हन तापायच्या आधीच मांडून झालं होतं. बर्नडेट ‘हो’ म्हणणार. ती बेंडिगोला शाळेची मुख्याध्यापिका होती, पक्ष्यांची नावं तिला तोंडपाठ होती, आणि पाणी तिच्या घरात शिरणार नव्हतं. डेस ‘नाही’ म्हणणार. रॉबिन डेसची बायको, म्हणून डेसकडे. नोरीन लिओची विधवा, म्हणून बांधाकडे. राहिला बर्नडेटचा नवरा ट्रेव्ह. तो शाळेची बस चालवायचा, आणि मूळचा याच काठचा, गोरे यायच्या आधीपासून इथे राहणाऱ्या योर्टा योर्टा लोकांपैकी. त्याचं मत आपल्याच खात्यात पडणार असं बर्नडेटने गृहीत धरलं होतं. त्याला विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

मांस वाढून होईपर्यंत सगळे मेंढरांच्या भावाबद्दल आणि चर्चच्या छपराबद्दल बोलले. मग बर्नडेटने काटा खाली ठेवला आणि शाळेत पालकसभेला बोलतात त्या आवाजात सुरुवात केली. दर दहा वर्षांतली निम्मी वर्षं हे पाणी येईल, वसंतात येईल, दोन-तीन आठवडे राहील आणि जाईल. पुराचं सोंग आहे, पूर नाही.

डेसने ऐकून घेतलं. वसंतात म्हणजे नेमका गहू पोटरीत असताना, एवढंच तो म्हणाला. पुढे त्याने आपलं ठरलेलं भाषण केलं, की नकाशे काढणाऱ्यांनी इथे एकदा तरी गमबूट घालून यावं, आणि हा बांध साठ-सत्तर वर्षं उभा आहे.

“आणि इतक्या वर्षांत कुणालाही त्याचा त्रास झालेला नाही,” तो म्हणाला.

“माझी आजी तळ्यावरून बदकांची अंडी न्यायची,” ट्रेव्ह म्हणाला. “बांध घालताना तिला कुणी रविवारी जेवायला बोलावलं नव्हतं.”

त्याचा आवाज चटणी मागावी इतका साधा होता. टेबलावर कुणाला कुठे बघावं कळेना. मग त्यानेच बटाट्यांचं भांडं ओढलं आणि तंगडी फार छान झाली आहे असं रॉबिनला सांगितलं.

बर्नडेटला वाटलं, आला आपला माणूस. ती त्याच्याकडे वळून म्हणाली, “मग तूच सांग ना डेसला, तुमच्या लोकांचं म्हणणं काय आहे.”

“आमच्या लोकांची बैठक मंगळवारी आहे. रविवारी मी एकटा काय सांगू? शिवाय तिथेही दोन तट आहेत. तुमचं बघून मला जरा बरं वाटतंय.”

रॉबिन यातलं काहीच ऐकत नव्हती. ती बटाटे मोजत होती, म्हणजे मोजल्यासारखं करत होती. गेले सहा महिने डेनिलिक्विन गावात कालव्यापलीकडचं एक विटांचं घर तिच्या डोक्यात होतं. तिथे समोर दवाखाना, आणि दवाखान्यात तिला काम द्यायला तयार असलेली एक मैत्रीण. मोबदल्यात ते घर बसत होतं. ही गोष्ट डेसला सांगायची चांगली वेळ तिने पुष्कळ शोधली. एक मिळाली होती, तेव्हा कुत्र्याला साप चावला.

“मला वाटतं, होकार द्यावा,” ती म्हणाली.

डेसला आधी वाटलं ती पुडिंगबद्दल बोलतेय.

रॉबिनने मग शांतपणे सगळं सांगितलं. आयुष्यात किती वाळूच्या गोण्या भरल्या हे तिला आठवत नव्हतं. पण प्रत्येक वेळी गोण्या भरताना आपण तळं वाचवतोय की डेसचा बाप-आजा वाचवतोय हा प्रश्न मनात यायचा, असं ती म्हणाली. घर, दवाखाना, मैत्रीण, सगळं आलं. डेसच्या हातातली सुरी तंगडीत तशीच उभी राहिली. बायको विरोधात गेली याचं त्याला एवढं काही नव्हतं. घर बघायला ती त्याच्याच गाडीतून गेली होती, आणि त्या दिवशी मेंढ्यांचं औषध आणायला जाते म्हणाली होती. औषध आणलंही होतं.

“तू मला बोलली का नाहीस?”

“तू बांधावर असायचास.”

आता खरं तर बर्नडेट जिंकल्यात जमा होती, रॉबिनपुढे डेस फार टिकला नसता. तिला फक्त गप्प बसायचं होतं, आणि तेवढं एकच तिला शाळेने शिकवलेलं नव्हतं. डेस आणि रॉबिन गावात जाणार, म्हणजे हे घर बंद. आई एकटी, नाहीतर आईही गावात. मग जमीन कोण करणार? कुणी नाही. ती विकणार. इस्टरला मुलांना घेऊन यायचं कुठे? बगळे येणार, पण ते बघायला किल्डफ कुणी उरणार नाही. बेंडिगोहून येताना गाडीत हे सगळं दिसलं नव्हतं, इथे भोपळ्याच्या फोडीपाशी एकदम दिसलं.

तिने घसा साफ केला आणि म्हणाली की याचा अर्थ प्रश्नाला आणखीही बाजू आहेत, आणि घाई करू नये, आणि पाणथळी दुसरीकडेही आहेत.

“म्हणजे तू आता नाही म्हणतेयस?” डेसने विचारलं.

“मी थांबा म्हणतेय.”

“उद्या सकाळी उत्तर द्यायचंय. थांबा म्हणजे नाहीच.”

“मग नाही.”

डेसला आपल्या बाजूला बहीण मिळाली, आणि त्याला ते मुळीच आवडलं नाही. लहानपणापासून बर्नडेट ज्या बाजूला असेल तिथे काहीतरी चुकत असतं, हा त्याचा पक्का अनुभव होता. त्याने आधाराला आईकडे पाहिलं.

नोरीन किल्डफची रीत कुणी कधी नीट पाहिली नव्हती, कारण ती आवाज न करता चालत असे. ती वाद ऐकायची, कुठल्या बाजूला माणूस कमी आहे ते बघायची, आणि तिकडे जाऊन बसायची. लिओच्या हयातीत ती बहुधा मुलांकडे असे. मुलं एक झाली की लिओकडे. सकाळी बर्नडेट, ट्रेव्ह आणि अख्खं खातं एकीकडे, डेसची बाजू कमी पडणार असं दिसत होतं, म्हणून ती नाही म्हणायचं ठरवूनच आली होती. आता डेसकडे बर्नडेट होती आणि रॉबिन एकटीच बशा गोळा करत होती, तिची पाठ टेबलाकडे होती.

“मी रॉबिनबरोबर आहे,” नोरीन म्हणाली.

डेसने सुरी खाली ठेवली. “आई, तो बाबांचा बांध आहे.”

“माहीत आहे. त्यातली सशांची बिळं मीच बुजवते.”

रॉबिन बशा हातात घेऊन वळली. सासूने आपली बाजू घेतली याचा आनंद मानावा की यात काही डाव आहे ते बघावं, हे तिला ठरवता येईना. “नोरीन, तुम्हाला खरंच तसं वाटतं?” तिने विचारलं. नोरीन म्हणाली की पुडिंग आणायला हरकत नाही.

जेवायला बसताना जो ‘हो’ होता तो ‘नाही’ झाला होता, जे दोन ‘नाही’ होते ते ‘हो’ झाले होते, आणि डेस एकटा सकाळी होता तिथेच उभा होता. तरी सगळ्यात गोंधळलेला तोच दिसत होता. पुडिंग कुणी नीट खाल्लं नाही. शेवटी डेस उठला आणि म्हणाला, उगाच टेबलावर बसून पाण्याबद्दल काय बोलायचं, चला बांधावर. पाणी आहे कुठे ते तरी बघा एकदा.

दोन गाड्यांतून सगळे गेले. कोण कुणाच्या गाडीत बसणार यावर अंगणात थोडं घुटमळणं झालं, कारण सकाळच्या जोड्या आता चालत नव्हत्या. नोरीन रॉबिनबरोबर गेली. बर्नडेट भावाशेजारी बसली आणि दोघंही आपापल्या खिडकीतून बाहेर बघत राहिले. मागे ट्रेव्ह आणि कुत्रा. कुत्र्याचं नाव स्कीटर, आणि अख्ख्या घरात कुठल्याच प्रश्नावर मत नसलेला तो एकटा.

रस्त्याकडच्या टोकाने बांधावर चढलं की डावीकडे ओढा आणि उजवीकडे तळं. किल्डफ बांधावर उभे राहिले की ओढ्याकडे तोंड करून उभे राहतात. यात ठरवून काही नाही, पण मॅटपासून तसंच आहे. बांधाच्या ओढ्याकडच्या उतारावर मॅटने खालून वर विटांची ओळ बसवून चुना फासला होता. पाणी कुठल्या विटेपर्यंत आलं हे बघायचं, त्यावर बोलायचं, विडी ओढायची आणि घरी यायचं. लिओने विडी सोडली, बाकीचं ठेवलं. मोठ्या पुरात बांध, विटा, कुंपण, सगळंच बुडतं. असे पूर हे लोक हिशेबात धरत नाहीत.

पाणी खालून तिसऱ्या विटेवर होतं. तपकिरी, संथ, वर गमची सालपटं तरंगत होती. सूर्य लख्ख होता. पलीकडच्या झाडांवर पोपटांनी कलकलाट मांडला होता.

डेसला धीर आला. उद्या पाण्याचा जोर सर्वात जास्त असणार, आणि तरी ते फार तर आणखी दोन विटा चढेल, असं तो म्हणाला. म्हणजे हे पाणी बांधाच्या पोटालाही लागत नाही. मग बांध कुणाच्या वाटेत आहे? फोडायचा कशाला? उलट रॉबिनने विचारलं, पाणी बांधाच्या पोटाला लागतच नसेल तर बांध ठेवायचा तरी कशाला. त्यावर बर्नडेट म्हणाली की हा मुद्दा सकाळी तिचा होता, आता तो वापरायला नको. नोरीन एका बिळाकडे बघत होती. सगळे ओढ्याकडे तोंड करून, एकमेकांकडे न बघता, चांगले खणखणीत बोलत होते.

तेवढ्यात स्कीटर मागून आला आणि त्याने बर्नडेटच्या शेजारी उभं राहून अंग झाडलं. तिचा रविवारचा पिवळा फ्रॉक कमरेपर्यंत भिजला.

ती कुत्र्याला रागावली. रॉबिन रुमाल शोधू लागली. डेस म्हणाला, पाण्यात गेला असेल, कुत्राच तो.

“पण तो तिकडून आला,” ट्रेव्ह म्हणाला. “गव्हातून.”

मग सगळे वळले.

गहू तसाच उभा होता, हिरवा, ओंब्या भरत आलेल्या. वाऱ्याने हलत होता. फक्त ताटांच्या मधल्या फटींतून आभाळ दिसत होतं. खाली, जमिनीवर. बांधाच्या आतल्या पायथ्यापाशी पाणी गुडघाभर होतं आणि तिथून पार मागच्या कुंपणापर्यंत गव्हाखाली ते काचेसारखं पसरलं होतं. तिथे विटा नव्हत्या, कारण तिथे कधी काही मोजायची वेळ आली नव्हती. ओढ्याकडे पाणी तिसऱ्या विटेवर आणि तळ्यात त्याच्याहून हातभर तरी वर.

नोरीनने चष्मा पुसला आणि परत लावला.

“पाणी आत कसं आलं?” बर्नडेट म्हणाली. “बांध तर इकडे आहे.”

डेसला ते कळायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. गॉर्डनची मोरी. शेजारच्या गॉर्डनच्या रस्त्याखाली, वरच्या अंगाला, ओढ्याचा एक जुना फाटा होता. गॉर्डनच्या बापाने तिथे रस्ता घातला तेव्हा एक कोपरभर रुंद पाइप टाकला, तो पुढच्याच वर्षी गाळाने बुजला, आणि फाटा मेला. पाण्याला तळ्याच्या पाठीमागून यायची ती एकच वाट होती. बुजलेली असल्यामुळे ती आहे हेच सगळे विसरले. गेल्या हिवाळ्यात खात्याने तो रस्ता उचलून खाली ट्रक जाईल एवढ्या रुंद मोऱ्या बसवल्या. डेसने स्वतःचा जेसीबी नेऊन तीन दिवस फुकट काम केलं होतं, कारण रस्ता उंच झाला की त्याला पावसापाण्यात गावात जायची सोय होणार होती. सगळ्या तालुक्यात खात्याच्या एका तरी कामावर खूश असलेला माणूस म्हणून गॉर्डन त्याला चिडवायचा.

“म्हणजे तूच आणलंस,” बर्नडेट म्हणाली.

“हो.”

डेसने बांधावरूनच थुईला फोन लावला. तिचाही रविवार होता, मागे मुलांचा आवाज येत होता. तिच्या नकाशावर तळं कोरडं होतं. डेस म्हणाला, मी त्यातलं पाणी बघत उभा आहे. मग ती म्हणाली की दारं कमी करायला ती आत्ता सांगेल, पण वाटेला लागलेलं पाणी परत बोलावता येत नाही, ते चार दिवस येतच राहणार. मोऱ्यांना झडपा नाहीत. बांध फोडा असं ती सांगू शकत नाही, फोडू नका असंही सांगू शकत नाही. करार व्हायच्या आधी त्याने स्वतः फोडला तर मोबदल्याचं काय, हे तिला सोमवारी विचारावं लागेल. तिला खरोखरच वाईट वाटत होतं. डेसला तिच्यावर धड रागावताही येईना.

आता प्रश्न सकाळचा राहिला नव्हता. गव्हात पाणी कोंडलं होतं, ऊन तापत होतं. या उन्हात उभं पाणी दोन-तीन दिवसांत मुळं कुजवतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पाणी आत यायची वाट उघडी होती. बाहेर जायच्या वाटेवर मॅटचा बांध होता, आणि ते सगळे त्याच्यावरच उभे होते.

ट्रेव्हने पंपाचं सुचवलं. डेस म्हणाला, पंपाने नाताळ उजाडेल. बर्नडेट म्हणाली, गॉर्डनच्या मोरीत माती टाकली तर. डेसने तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती खात्याची मोरी होती, आणि गॉर्डन बंदूक बाळगायचा.

“फोडला आणि मग ओढा आणखी चढला, तर इकडूनही आत येईल,” रॉबिन म्हणाली.

“येईल,” डेस म्हणाला. “पण येईल तसं जाईल. चालत्या पाण्यात गहू तग धरतो, चार-पाच दिवस. कोंडलेल्यात नाही.” आणि मग, जणू दुसऱ्याच कुणाचं मत सांगतोय अशा आवाजात, “फोडावा लागेल.”

बर्नडेटने ओल्या फ्रॉककडे बघत मान हलवली. ती सकाळी याच बाजूला होती, त्यामुळे तिला फार लांब यावं लागलं नाही. रॉबिन तर आधीपासूनच हो म्हणत होती, फक्त कारण आता वेगळं झालं होतं आणि तिचं विटांचं घर त्यात बसतंय की नाही हे तिला कळेनासं झालं होतं. ट्रेव्ह म्हणाला की मंगळवारपर्यंत गहू थांबणार नाही, तेव्हा त्याचं मत हो धरावं, त्याचं एकट्याचं.

किल्डफांच्या घरात एका बाजूला सगळे, असं बहुधा पहिल्यांदाच होत होतं.

“नाही,” नोरीन म्हणाली.

डेसला हसावं की रडावं कळेना. “आई, आत्ता तासापूर्वी तू हो म्हणालीस.”

“तेव्हा तू नाही म्हणत होतास.”

“म्हणजे?”

ती बांधाच्या माथ्यावर उभी होती, आणि तिच्या मते तिथे अजून एक माणूस उभा होता, ज्याच्या बाजूला आता कुणीच उरलं नव्हतं. शेवटी तिने ते बोलून दाखवलं. “लिओ असता तर?”

डेसने या प्रश्नावर रात्री-बेरात्री विचार केलेला होता. पण त्याने जे ठरवलं होतं ते इथे तळ्याकडे बघताना तोंडात येईना. तो म्हणाला, “बाबा असते तर ओढ्याकडे तोंड करून उभे असते. पाठीमागे घर वाहून गेलं असतं तरी, तिसऱ्या विटेवर आहे, काळजी नको, म्हणाले असते.”

नोरीनच्या तोंडून हुंकार निघाला. तो हसण्याचा होता असं बर्नडेट पुढे कायम सांगत आली, आणि नव्हता असं रॉबिन. “म्हणाला असता,” नोरीन म्हणाली. “अगदी असंच म्हणाला असता.” मग तिने डेसच्या खांद्याला धरून बांध उतरायला सुरुवात केली, म्हणजे मशीनला जागा झाली.

डेस घरी जाऊन जेसीबी घेऊन आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कुठे फोडायचा यावर वाद झाला नाही. सशांनी ती जागा अर्धी पोखरून ठेवलीच होती. पहिला घास बकेटने उचलला. खाली नुसती माती निघाली. दुसऱ्याने ओली माती. तिसऱ्याला पाणी आपण होऊन आलं. आधी पन्हळीएवढं, मग कडा ढासळवत, चिखल नेत, आणि मग फेसाळ पाण्याचा एकच जाड पट्टा उतारावरून खाली ओढ्यात पडू लागला. विटा पटापट दिसेनाशा झाल्या. खालून, प्रवाहाच्या उलट, हातभर लांबीचे कार्प मासे फटीत तोंड घालायला बघत होते. बाहेर जाणारं पाणी बघून त्यांना आत यायचं होतं. ट्रेव्ह म्हणाला, यांनाही कुणीतरी नकाशा दिलाय.

अर्ध्या तासात बांधाच्या आतल्या बाजूला, पाणी होतं तिथे, एक ओली रेघ दिसायला लागली. चार बोटांची, मग वीतभर. गहू वाचतोय असं कुणी म्हणालं नाही. तसं म्हणायची त्या काठाला भीती वाटते. पण बर्नडेट चपला काढून चिखलात उभी होती, आणि मुख्याध्यापिका तसं करत नाहीत.

“मग उद्या थुईला काय सांगायचं?” तिने विचारलं. “हो, की नाही?”

रॉबिन म्हणाली, सांगा की झालंय. नोरीन म्हणाली, आधी तिला चहा द्या, ती पोरगी रविवारभर जेवली नसेल. ट्रेव्ह फुटक्या कडेवर उकिडवा बसून बाहेर जाणाऱ्या पाण्यात हात घालून बसला होता. बर्नडेट त्याच्याजवळ गेली, काही विचारणार होती, आणि न विचारताच शेजारी बसली.

डेसने मशीन बंद केलं नव्हतं.

रॉबिनच्या हे थोड्या वेळाने लक्षात आलं. पाण्याला वाट झाली होती, तीन-चार मीटरची, तेवढी पुरेशी होती. पण डेस मशीन वळवून फटीच्या कडेशी गेला होता आणि तिथली माती काढत होता. घाईत फोडतात तशी नाही. कडा तासून, उतार घेत, उपसलेली माती दूर नेऊन बाजूला नीट पसरत. रॉबिनला पहिल्यांदा वाटलं, रागाने करतोय. सगळाच काढून टाकणार, मोबदला गेला खड्ड्यात, चला गावात. याचा आनंद झाला की नाही हे तिला सांगता आलं नसतं.

मग तिने रुंदी डोळ्यांनी मोजली. तीस वर्षं त्या शेतात तिने प्रत्येक फाटकातून यंत्रं आत घेतली होती, हातवारे करून. ही रुंदी ती झोपेतही ओळखली असती. ती पाण्यासाठी नव्हती. कापणीचं मोठं यंत्र, पात्यांचे दोन्ही पंख पसरून, आरामात आत जाईल एवढी होती ती. उतारही चाकांना झेपेल असा. पाणी येईल, राहील, जाईल, आणि मग त्या ओल्या तळात हा माणूस इथून आत शिरून पेरणार होता आणि इथूनच कापून नेणार होता, दहातली निम्मी वर्षं का होईना. गावात जायचा विचार त्याच्या आसपासही नव्हता. त्याने तिला ते सांगितलं नव्हतं. तिनेही घर बघितल्याचं इतके दिवस कुठे सांगितलं होतं.

ती तिथे बराच वेळ उभी राहिली. पाण्याचा आवाज आता खालच्या पट्टीत येत होता. गावातल्या त्या घराला मागच्या बाजूला लिंबाचं झाड होतं, आणि ती ते कधी कुणाला बोललेली नव्हती.

डेस काम थांबवून केबिनमधून खाली बघत होता, तिच्याकडे.

रॉबिनने रविवारचे बूट काढून बांधावर ठेवले, फुटलेल्या तोंडाशी आली आणि एक हात वर केला, जसा ती नेहमी करायची.

“उजवीकडे घे,” ती ओरडली. “अजून. तिकडे चाक घसरेल. डेस, माझ्याकडे बघ, पाण्याकडे नको.”